बेडशाची सहकुटुंब सहल

मी तेव्हा तळेगावात मुलींच्या शाळेत चौथीला शिकवत होते. लग्न झालेलं नव्हतं, घरी मी आणि आई दोघीच, त्यामुळे रविवार मोकळा असायचा. बहुधा म्हणूनच सहलींची आखणी माझ्याकडे आली.

गावात शिक्षक, रेल्वेतले आणि कचेऱ्यांतले लोक यांचं एक मंडळ होतं. गणपतीत नाटक बसवायचं, कोजागरीला दूध आटवायचं, एवढाच त्याचा व्याप. आमचे मुख्याध्यापकच त्याचे अध्यक्ष होते. पवनेच्या धरणाचं काम सुरू झालं, त्या अंगाचा रस्ता सुधारला, एस.टी. जरा वेळेवर धावायला लागली. तेव्हा त्यांनी बैठकीत एक कल्पना मांडली. मावळात उघड्या माळावर जे जे खेळ होतात, ते मावळातल्याच घरांनी कधी पाहिलेले नाहीत, ते दाखवायचे. उन्हाळ्याचे तीन रविवार घ्यायचे. पहिल्या रविवारी बेडशाची लेणी आणि तिथून पुढच्या ठाकरवाडीतली सोंगं, दुसऱ्या रविवारी आंबीला नदीकाठी भारूड, तिसऱ्या रविवारी लोणावळ्याच्या बाजूला पोवाडे. सगळं दिवसाउजेडी आणि आजीपासून नातवापर्यंत सर्वांना झेपेल असं. पत्रकावर मोठ्या अक्षरात 'सहकुटुंब' हा शब्द हवा, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

मला ते काम मनापासून आवडलं. आमच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक आणि मी, दोघं एका रविवारी वाट बघायला गेलो. कामशेतपर्यंत आगगाडी, तिथून एस.टी., पुढे पायी. मी वही घेऊन चालत होते. पाच वर्षांचं मूल किती वेळात चढेल, सावली कुठे आहे, बायकांना आडोसा कुठे मिळेल, तान्ह्या मुलाचं दूध कुठे तापवता येईल, असं सगळं लिहीत होते. लेण्यांच्या पायऱ्या मोजल्या. चित्रकलेचे शिक्षक खांबांवरच्या घोड्यांसमोर तासभर उभे राहिले आणि मग म्हणाले, की आपल्या मुलीला इथे नक्की आणायचं. त्यांची मुलगी सहा वर्षांची होती. आमच्याच शाळेत पहिलीत बसायची.

वाडी डोंगराच्या अंगाला होती, पंधरा-वीस झोपड्यांची. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर गवत. सोंगं काढणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणत. ते दिवसभर मजुरीला जायचे आणि चैत्रात देवीच्या जत्रेला वाघाचं सोंग काढायचे. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणाले, कारण वाट दाखवायला बरोबर आलेला बेडशाचा माणूस तिला तसंच म्हणत होता. आम्ही उन्हातून आलो होतो. मावशीने मडक्यातलं पाणी दिलं. चित्रकलेच्या शिक्षकांनी तहान नाही असं सांगितलं. मी प्यायले. इतकं गार आणि गोड पाणी मी त्या उन्हाळ्यात प्यायले नव्हते. मी विचारलं तर तिने डोंगराकडे बोट केलं. वर कातळात एक झिरा होता. तिथे करवंटीने पाणी वेचून भरावं लागे, एक हंडा भरायला अर्धा-पाऊण तास जाई.

सोंगं जिथे व्हायची त्या माळाच्या खालच्या बाजूला दगडात कोरलेलं एक टाकं होतं. पाणी बरंच दिसत होतं. मी सहज विचारलं, की एवढं जवळ पाणी असताना वर कशाला जाता.

"टाक्याचं पानी पिऊ नगा बाई," मावशी म्हणाली. "त्ये ढोरांचं. चैतात लय खराब हुतं. आमी कुनीबी पीत न्हाई."

मी वहीत लिहून घेतलं: पाणी वाडीतून, झिऱ्याचं. टाक्याचं घेऊ नये.

आबांशी बोलणं जरा अवघड गेलं. सोंगं सूर्य बुडाल्यावर निघतात, टेंभ्यांच्या उजेडात पहाटेपर्यंत चालतात. आम्हाला ती दुपारी चार वाजता हवी होती, म्हणजे मंडळी संध्याकाळच्या गाडीने परत जातील. शिवाय मुख्याध्यापकांनी सांगून पाठवलं होतं, की म्हाताऱ्या नवरदेवाचं सोंग नको, त्यात चावट बोलणं असतं. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दिवसा सोंग काढलं की बघणाऱ्याला सोंग दिसत नाही, आतला माणूसच दिसतो, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आन् नवरदेव काडून टाकला तर मानसं हसनार कशाला?" पण त्यांनी नाही म्हटलं नाही. तळेगावची एवढी माणसं आपल्या वाडीत येणार याचं त्यांना अप्रूप वाटलं असावं. निघताना मावशीने मला विचारलं, किती माणसं येतील. मी म्हणाले, साठ-सत्तर. ती मनाशी काहीतरी हिशेब करत राहिली. तो हिशेब हंड्यांचा होता, हे मला नंतर कळलं.

पुढच्या बैठकीत मी वही वाचून दाखवली. गाडीची वेळ, चढ, जेवणाची जागा, सगळं पसंत पडलं. पाण्याशी आल्यावर बोलणं अडलं. कुणी उघड काही म्हणालं नाही. एकजण म्हणाले, माझं काही नाही, पण आमच्या आईचं काय करायचं. दुसरे म्हणाले, बायकामाणसं बरोबर असणार, त्यांना वाडीच्या मडक्यातलं चालणार नाही, उगाच कुणाचा विरस नको. मुख्याध्यापकांनी मधला मार्ग काढला. माळाजवळ टाकं आहे ना, मग आपलाच दोर, आपलीच बादली, आपल्याच कळश्या. फडक्याने गाळून घेऊ.

मी म्हणाले, की ते टाकं जनावरांचं आहे, वाडीतले लोकसुद्धा ते पीत नाहीत. आवाज फार मोठा नव्हता माझा. मुख्याध्यापक म्हणाले, विहिरीत टाकतात ते तांबडं औषध मी बरोबर घेईन, चिमूटभर पुरतं. चित्रकलेच्या शिक्षकांनी होकाराची मान हलवली. मी वहीतली ओळ खोडली आणि वर लिहिलं: पाणी टाक्याचं, गाळून, औषध घालून. पत्रकाचा मजकूर माझ्याच अक्षरात छापखान्यात गेला. 'पिण्याच्या पाण्याची सोय मंडळातर्फे केली आहे' ही ओळ माझी.

सहलीच्या दिवशी ऊन सकाळपासूनच फार होतं. चित्रकलेच्या शिक्षकांची बायको आली नाही, तिचे दिवस भरत आले होते. स्टेशनवर ती मुलीला सोडायला आली होती. तिने मुलीचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, की हे तर खांब बघत बसतील, हिच्याकडे तुम्हीच बघा. मी हो म्हटलं. मुलगी दिवसभर माझ्याजवळच होती. गाडीत तिने माझ्या मांडीवर बसून बाहेरची झाडं मोजली आणि कंटाळली तेव्हा झोपली.

लेण्यांवर मंडळी ठरल्यापेक्षा जास्त रेंगाळली. म्हातारी माणसं चढून दमली होती, त्यांना उतरायला वेळ लागणार होता. मुख्याध्यापक त्यांच्यासोबत मागे थांबले. मुलांना धीर नव्हता, म्हणून आम्ही काहीजण मुलांना घेऊन पुढे वाडीकडे निघालो. माळावर पोचलो तेव्हा दोन वाजले असतील. मुलं तहानेने रडकुंडीला आली होती. वाटेत सगळ्यांचे फिरकीचे तांबे रिकामे झाले होते.

चित्रकलेच्या शिक्षकांनी बादली टाक्यात सोडली. पाणी किंचित हिरवट होतं. आम्ही दुहेरी फडक्याने गाळलं, आणि गाळल्यावर ते स्वच्छ दिसायला लागलं. औषधाची पुडी मुख्याध्यापकांच्या पिशवीत होती आणि ते मागे होते. थांबू या असं मी म्हणाले. कुणीतरी म्हणालं, मुलांच्या घशाला कोरड पडली आहे, पहिली कळशी तरी देऊन टाका, पुढच्या पाण्यात औषध घालू. मी पेला भरला. सगळ्यांत पुढे तीच मुलगी उभी होती, कारण तिने माझा पदर धरला होता. मी तिला पाणी दिलं, मग बाकीच्या मुलांना.

पाणी वाटून झाल्यावर माझी नजर आंब्याच्या झाडाकडे गेली. तिथे सावलीत एका ओळीत हंडे आणि मडकी मांडून ठेवली होती, तोंडावर पळसाची पानं. वाडीतल्या बायकांनी आदल्या दिवसापासून पाळीपाळीने झिऱ्यावर बसून ती भरली होती. मावशी जवळच उभी होती. तिने आमची बादली बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे गेले नाही. आता पहिली कळशी संपलीच आहे, मंडळींसमोर विषय काढला तर सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होईल, असं मनात आलं. नंतर मुख्याध्यापक आले, पुढच्या कळश्यांत औषध पडलं, पाणी गुलाबी झालं. झाडाखालच्या हंड्यांना शेवटपर्यंत कुणी हात लावला नाही.

सोंगं चार वाजता सुरू झाली. आबा म्हणाले होते तसंच झालं. राख आणि गेरूचे पट्टे ओढलेला, गुडघे दुखणारा एक म्हातारा उन्हात चार पायांवर येताना दिसत होता. मोठी माणसं सौजन्याने बघत होती. पण मुलांना मजा आली. चित्रकलेच्या शिक्षकांची मुलगी उठून गेली आणि तिने वाघाची दोरीची शेपटी धरली. आबा वळून हळूच गुरगुरले. ती मागे सरकली नाही, उलट खदाखदा हसली. तेव्हा मात्र सगळा माळ हसला. परतताना मुख्याध्यापक खूश होते. आंबीच्या सहलीला याहून जास्त मंडळी येतील असं ते गाडीत म्हणत होते.

मंगळवारी माझ्या वर्गात निम्म्या मुली नव्हत्या. जुलाब आणि उलट्या, सगळ्या सहलीच्या घरांतून. मलाही त्रास झाला, पण थोडा. बहुतेकजण चार-सहा दिवसांत उठून बसले. चित्रकलेच्या शिक्षकांची मुलगी उठली नाही. तिला दवाखान्यात नेलं तेव्हा तिच्या अंगात काही उरलं नव्हतं. मी बुधवारी संध्याकाळी जाऊन आले. तिचे डोळे खोल गेले होते आणि हाताची बोटं म्हाताऱ्या माणसासारखी सुरकुतली होती. तिने मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. गुरुवारी सकाळी ती गेली. तिच्या आईला बाळंतपणासाठी दुसऱ्या खोलीत ठेवलं होतं, तिला दुपारपर्यंत कुणी सांगितलं नाही. शनिवारी तिला मुलगा झाला.

त्यानंतर आरोग्य खात्याचे एक साहेब चौकशीला आले. मुख्याध्यापकांनी मंडळातर्फे निवेदन लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: 'सहलीतील मंडळींनी ठाकरवाडी येथील पाणी प्राशन केले.' वाक्य खोटं नव्हतं, कारण टाकं वाडीच्या हद्दीत होतं. पण वाचणाऱ्याला जे समजायचं तेच समजलं. आखणी करणारी म्हणून माझी सही हवी होती. मी ते वाक्य दोनदा वाचलं. मुख्याध्यापक टेबलापलीकडे बसले होते, त्यांनी पेन पुढे केलं. मी सही केली. माझ्या मनात तेव्हा नोकरीचा विचार होता, आईचा होता, आणि पेला माझ्या हातातून गेला हे कुणी विचारेल याची भीतीही होती.

आरोग्य खात्याची माणसं वाडीवर जाऊन आली. झिऱ्यात औषधाची पावडर इतकी ओतली की पुढे कित्येक दिवस ते पाणी तोंडात धरवत नव्हतं. वाडीतल्या लोकांना टोचण्या दिल्या, खरं तर त्यांच्यात कुणीच आजारी नव्हतं. एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण वैशाख लागला. वाडीतल्या बायका दर वर्षी पाट्यांतून करवंदं, जांभळं घेऊन कामशेत आणि तळेगावच्या बाजाराला यायच्या. पावसाळ्याआधी मीठ, तेल, कापड घ्यायचं ते त्याच्यावर. त्या वर्षी त्यांची करवंदं कुणी घेतली नाहीत. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची वाडी असं नाव पडलं होतं. स्टेशनाबाहेर बसू दिलं नाही, म्हणून त्या दारोदार फिरल्या आणि दारांतूनही परत गेल्या.

एका सकाळी मावशी आमच्या दारात आली. माझं घर आहे हे तिला ठाऊक नसावं. आईने आतूनच नको म्हणून सांगितलं. मी आवाज ओळखून बाहेर आले. तिने पाटी डोक्यावरून उतरवली नाही. करवंदं वरून सुकायला लागली होती. मी सगळी घेते म्हणाले. तिने मान हलवली, ती होकाराची की नकाराची, मला कळलं नाही. मग तिने विचारलं, "बाई, तुमास्नी म्या सांगितलं हुतं न्हवं, टाक्याचं पिऊ नगा म्हून?"

"हो, सांगितलं होतं," मी म्हणाले.

"मंग त्या सायबास्नी का न्हाई सांगितलं?"

ती रागाने बोलत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.  तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि पायऱ्या उतरून गेली.

त्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि निवेदन दुरुस्त करायचं म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांची स्वतःची नातही आजारी पडून बरी झाली होती. ते म्हणाले, चौकशी संपली, गेलेली मुलगी परत येणार नाही, आणि आता तुम्ही टाक्याचं नाव काढलं तर बादली कुणी ओढली, पाणी कुणी पाजलं, हे निघेल. त्या बापाला हे ऐकवायचं आहे का तुम्हाला? मी परत आले. महिनाभर गेला. मग मी एकटीनेच तालुक्याच्या कचेरीला पत्र लिहिलं, पाणी टाक्याचं होतं, वाडीचा दोष नाही, आणि खाली नाव घातलं. पत्राचं उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिण्याएवढी मी धीट नव्हते. आंबीची आणि लोणावळ्याची सहल रद्द झाली होतीच.

पुढच्या चैत्रात मी वाडीवर गेले. मावशी मजुरीला गेली होती, किंवा मला तसं सांगण्यात आलं. आबा दारात कारवीच्या काड्यांची टोपली विणत बसले होते. यंदा सोंगं निघाली नाहीत असं त्यांनी सांगितलं. जत्रेत वाडीच्या लोकांनी जेवणाच्या पंगतीला आणि गर्दीत येऊ नये, असं खालच्या गावाने ठरवलं होतं, आणि माणसांशिवाय सोंगं कुणापुढे काढणार. मी पत्राचं सांगितलं. त्यांनी विचारलं, मग काय झालं. मी म्हणाले, काही नाही झालं. ते काड्या वळवत राहिले.

"त्या पोरीला भ्या न्हाई वाटलं माजं," ते म्हणाले. "येवड्या वर्सांत एक पोर भ्यायलं न्हाई. आन् तीच ग्येली."

दोन वर्षांनी आबा वारले. बेडशाच्या माणसाकडून कळलं. त्यांचा मुलगा लोणावळ्याला एका बंगल्यावर माळीकाम करत होता, त्याने सोंग पुढे चालवलं नाही.

चित्रकलेचे शिक्षक आणि मी एकाच शाळेत आणखी पाच वर्षं होतो. त्या दुपारबद्दल आम्ही एक शब्दही बोललो नाही. टाक्यात बादली त्यांनी सोडली होती, हे त्यांना माझ्याइतकंच आठवत असणार. ते वर्गात फळ्यावर माणसं काढायची सोडून नुसती झाडं आणि डोंगर काढायला शिकवू लागले. त्यांची बायको मात्र माझ्याकडे येत राहिली. संक्रांतीला तिळगूळ, दिवाळीला फराळ. शेवटच्या दिवसांत तिच्या मुलीला मी भेटायला गेले होते, याचं तिला फार होतं. ती आली की मला तिच्या डोळ्यांकडे बघवत नसे, आणि ती येऊ नये असं सांगवतही नसे.

पुढे त्यांची नाशिकला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी ती निरोप घ्यायला आली, बरोबर पाच वर्षांचा मुलगा. मुलगा अंगणात खेळत होता. ती म्हणाली, जाते आहे ते बरंच आहे. दर उन्हाळ्यात त्या वाडीच्या बायका करवंदं घेऊन दारावरून जातात, त्या दिसल्या की मी दार लावून घेते. त्यांच्या पाण्याने माझी मुलगी नेली.

मी म्हणाले, ते पाणी त्यांचं नव्हतं. मग एकदा सुरुवात केल्यावर मी थांबले नाही. झिरा, बैठक, टाकं, मागे राहिलेली औषधाची पुडी, झाडाखालचे हंडे. तिच्या नवऱ्याने बादली ओढली हे मी सांगितलं नाही. पेला माझ्या हातातला होता, हे सांगितलं.

 बाहेर मुलगा फाटकावर चढून झोके घेत होता, त्याची कडी वाजत होती.

"किती प्यायली?" तिने विचारलं.

"दोन पेले."

"दुसरा तिने मागितला की तुम्ही दिलात?"

"मागितला."

तिने मान हलवली. "ऊन लागलं की तिला फार तहान लागायची," ती म्हणाली. मग उठली, पदर खांद्यावर घेतला आणि मुलाला हाक मारली. मी कुंकवाची कोयरी घेऊन बाहेर आले तोवर ती फाटकाबाहेर गेली होती. नाशिकहून तिचं पत्र कधी आलं नाही, आणि मीही लिहिलं नाही.